अंगण वाकडंच होतं

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

या नावाने हाक मारली की तुझं नाक लाल होतं, हे माहीत असूनच मारली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू शाळेत होतीस आणि पहिल्याच दिवशी मला बजावलं होतंस, "वहिनी, वन्सं म्हणायचं नाही, मी काय म्हातारी आहे?" तेव्हापासून कधी म्हटलं नाही. पण आता वर्ष होत आलं, तू फोन उचलत नाहीस. तेव्हा भोग आपल्या कर्माची फळं.

मावशी म्हणते, आमचं नाव काढलं की तू उठून भांडी घासायला लागतेस. चांगलं आहे, मावशीची भांडी तरी लखलखीत झाली. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही आणि मध्येच बंदही करता येत नाही. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली, म्हणून हे पत्र. तू म्हणे एका गोदामात टेबलाशी बसून कुठला ट्रक कधी सुटणार त्याची वेळापत्रकं लावतेस. त्यात वाईट काहीच नाही, काम ते काम. पण त्या कामावर तू पाऊण तास चालत जातेस. मावशीची गाडी दारात धूळ खात उभी असते, तिने स्वतः किल्ली पुढे केली, तर तू म्हणालीस, "मावशी, मी गाडी चालवत नाही."

चालवत नाही? पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून दादाच्या मांडीवर बसून स्टीअरिंग धरणारी तू, आणि तू गाडी चालवत नाहीस? हे ऐकल्यावर मी फोन ठेवला, वर्कशॉपमध्ये गेले आणि आपल्या शर्यतीच्या गाडीवरची, ठिणगीवरची ताडपत्री ओढून काढली. आपली पिवळी अजून तशीच देखणी आहे. पुढचा भाग दादाने ठोकून सरळ केलाय, रंग तेवढा नीट जुळलेला नाही.

गेल्या वर्षी काय झालं ते आपण तिघांनी तीन प्रकारे लक्षात ठेवलंय, म्हणून मी माझं लिहून ठेवते. इंजिनाला जास्त दम यावा म्हणून आपण ठिणगीत टर्बो बसवला, स्प्रिंगा कडक केल्या, रुंद टायर घातले. पहिल्याच चाचणीनंतर तू म्हणालीस, "वहिनी, उजव्या वळणात ही मागून सुटते. डाव्या वळणात नाही." मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तेच म्हणालीस आणि मी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी तू काही न बोलता हेल्मेट चढवलंस आणि ट्रॅकवरच्या विमानांच्या जुन्या हँगरजवळच्या वळणावर टायरांच्या भिंतीत शिरलीस. गळ्याशेजारचं हाड मोडलं. दवाखान्यात तुझ्या कॉटशेजारी उभं राहून तुझा दादा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. धीर नव्हता तर आधी सांगायचं होतंस."

त्याचा राग मला आलाच. पण खरं सांगू, तुझा जास्त आला. तू उशीवर मान टाकून म्हणालीस, "हो दादा, माझाच पाय कचरला." अगं, घाबरलेलं माणूस दर वेळी वेगळी तक्रार सांगतं. कधी ब्रेक, कधी ऊन, कधी पोटात दुखतंय. तू तिन्ही वेळा तीच तक्रार, त्याच वळणांबद्दल, त्याच शब्दांत केलीस. असं घाबरट माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

यंदाची शर्यत एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आहे. चालकाचं नाव पाच एप्रिलपर्यंत द्यायचंय. तुझ्या दादाने वखारवाल्या पैलवानाला विचारून ठेवलंय, पैलवानही तयार आहेत. मी मात्र ठरवलंय की तू जे सांगत होतीस ते शोधून काढायचं. ते सापडलं की सीटवर कोण बसणार हे मी बघते.

इकडे बाकी सगळं ठीक आहे.

तुझी वहिनी


२० फेब्रुवारी

वन्सं,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. मावशीला विचारलं तर म्हणाली, "घेतलं बाई तिने, खोलीत नेलं." एवढं मला पुरे आहे.

अक्षराकडे बघू नकोस. एक्झॉस्टचा पाइप तापलेला आहे हे मला माहीत होतं, माझ्या बोटाला नव्हतं.

गेले पंधरा दिवस ठिणगीची फक्त चाचणी चालली आहे. आपल्या भिंतीवर तुझ्या दादाने लाल रंगात लिहिलंय ते आठवतं ना, 'एका वेळी एकच बदल'? त्याच्याच वाक्याने त्याला जेरीस आणायचं मी ठरवलंय. आधी टर्बो. मला वाटलं, दाब एकदम चढत असेल आणि मागच्या चाकांना झटका बसत असेल. गाडी रोलरवर चढवली आणि जागच्या जागी पळवली. ताकद अगदी सरळ चढते, कुठे उसळी नाही. तरी दाब कमी करून ट्रॅकवर नेली. फरक नाही. मग दाब होता तसा करून जुने टायर घातले. मग नवे टायर परत आणि मागच्या स्प्रिंगा जुन्या. मग शॉकअबसॉर्बर. दर वेळी पेट्रोल तेवढंच, हवा तेवढीच, फेऱ्या तेवढ्याच.

चालवायला पैलवान. बिचारे वखारीतून दुपारचे सुटून येतात, कपड्यांवर भुसा असतो, सीटमध्ये शिरताना चार वेळा श्वास आत घेतात. चाचणी झाली की मान पुसत बाहेर येतात आणि दर वेळी एकच सांगतात, "वहिनी, लोण्यासारखी जाते."

"उजव्या वळणात?"

"उजव्यात लोणी, डाव्यात लोणी."

"मागून सुटल्यासारखी वाटत नाही?"

"आता तुम्ही इतकं म्हणताय तर वाटायला पाहिजे," म्हणाले, "पण नाही वाटत हो."

माणूस सरळ आहे, मला खूश करायला खोटं बोलत नाही. त्यामुळेच जास्त वैताग येतो. तुझा दादा लांब उभा राहून हे सगळं ऐकतो. काल म्हणाला, "झालं समाधान? का आता रंग खरवडून बघतेस?" मी म्हटलं, तीही वेळ आली तर खरवडीन, पण तू भिंतीवर लिहिलेलं पाळूनच खरवडीन. तो वेल्डिंगचा चष्मा लावून आत गेला. आत वेल्डिंगचं काही काम नव्हतं.

वन्सं, मी हरलेली नाही. जे जे नाही ते एकेक करून बाजूला पडतंय, एवढाच याचा अर्थ.

तुझी वहिनी


११ मार्च

वन्सं,

गेल्या पत्रात एक गोष्ट लपवली होती. तुझ्या दादापासून अजून लपवलेली आहे, तेव्हा मावशीलाही सांगू नकोस, मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी ठिणगी चालवायला शिकते आहे.

हस. हसून घे पोटभर. वीस वर्षं इंजिनं खोलली, जोडली, पण भाजी आणायला जाण्यापेक्षा जास्त वेगाने मी कधी गाडी हाकली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पण पैलवानांना जे जाणवत नाही ते मला त्यांच्याकडून कसं कळणार? तू इथे नाहीस. मग उरलं कोण? आपला हात जगन्नाथ.

गाडी पैलवान चाचणीला म्हणून नेतात आणि मी दादाला सांगते, मोजणीचं यंत्र दुरुस्तीला घेऊन जाते. त्या यंत्राला आता जगातले सगळे रोग झालेले आहेत. पैलवान ट्रॅकच्या कडेला उभे राहून हातवारे करतात. ते रागावत नाहीत, ही त्यांची सगळ्यात वाईट सवय. तू असतीस तर आठवड्यात शिकवलं असतंस, शिव्या घालून.

पहिले दिवस भयंकर होते. सरळ रस्त्यावर टर्बो भरला की गाडी पाठीत हात घालून ढकलते. हे मी हजार वेळा आकड्यांत पाहिलंय, पाठीत कधी घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले. पैलवानांनी विचारलं, "वहिनी, शेवटच्या सरळ पट्ट्यात काय दिसलं?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "उद्या बघा, छान आहे."

आता डोळे उघडे असतात. ब्रेक कुठे लावायचा, पाय कधी उचलायचा, वळणाच्या आधी नजर कुठे टाकायची हे हळूहळू अंगात येतंय. हँगरच्या वळणाशी मात्र मी अजून बैलगाडीसारखी येते. तिथे टायरांची भिंत दिसली की माझ्याच गळ्याशेजारी दुखायला लागतं.

कपाटातला तुझा सूट घातला आहे. परवानगी विचारली नाही. मला बेतल्यासारखा बसला, फक्त बाह्या जरा लांब आहेत.

तुझी वहिनी


२५ मार्च

वन्सं,

काल सापडली. म्हणजे कारण नाही, पण ती जागा सापडली.

महिनाभर मी हँगरच्या वळणाला हळू येत होते. काल स्वतःला बजावलं की आज पैलवानांनी दाखवलेल्या खुणेपर्यंत ब्रेक लावायचा नाही. लावला नाही. गाडी आत घातली, नाक बरोबर वळलं, मी पाय दाबला, आणि बसायला जावं नि कुणी मागून खुर्ची ओढून घ्यावी तशी मागची बाजू गेली. जोरात नाही, आवाज नाही, नुसती गेली. मी गोल फिरून गवतात थांबले. भिंतीपासून बरंच अलीकडे. काही लागलेलं नाही, खरंच सांगते. गुडघा थोडा आपटला.

इंजिन बंद पडलं होतं. हेल्मेटमध्ये मी मोठमोठ्याने हसत होते. पैलवान धावत आले, त्यांना वाटलं मला झटका आला. मी त्यांना म्हटलं, उजव्या वळणात ही मागून सुटते! डाव्यात नाही! तुझेच शब्द, वन्सं. दुसरे शब्दच नाहीत त्याला.

मग पैलवानांना त्याच गाडीत बसवलं. टायर तेच, पेट्रोल तेच, वळण तेच, आणि माझ्यापेक्षा जास्त वेगाने. काही नाही. लोणी.

दुर्दैवाने त्याच वेळी तुझा दादा तिथे आला. यंत्राच्या दुरुस्तीवाल्याला त्याने फोन केला होता आणि तो म्हणाला, कुठलं यंत्र? दादाने गवतातल्या चाकांच्या खुणा पाहिल्या, माझ्या अंगावरचा तुझा सूट पाहिला, आणि चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "एक घरातून गेली ते पुरे नाही का? आता तूही." आणि गाडीकडे न बघता निघून गेला.

घरी आल्यावर मात्र तोंड सुटलं. दोघी घाबरट, दोघींना भास होतात, जे पुरुषाला जाणवत नाही ते यांना बरं जाणवतं. मी सगळं ऐकून घेतलं. कारण ओरडता ओरडता तो बरोबर बोलत होता, फक्त त्याला ते कळत नव्हतं. गाडी तीच, वळण तेच. आम्ही काल एकच गोष्ट बदलली होती, आत बसलेलं माणूस. भिंतीवरच्या त्या वाक्यात माणूसही येतो, हे इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तू आणि मी एका सुटात मावतो. पैलवान दरवाजात मावत नाहीत. उद्या मी एक करून बघणार आहे.

तुझी वहिनी


२७ मार्च

वन्सं,

बसून वाच.

काल सकाळी वाळूची पोती भरली आणि माझ्या सीटखाली आणि पाठीमागे घट्ट बांधली, मी आणि पोती मिळून पैलवान होऊ इतकी. हँगरच्या वळणात गेले. लोणी. पोती काढली. मागची बाजू सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा लोणी. पैलवान म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस पोतं म्हणून काम करत होतो तर." त्यांना वाईट वाटलं नाही, उलट वखारीत सगळ्यांना सांगत सुटलेत.

मग मी घरी आले आणि चार चाकांखाली ठेवायचे वजनाचे चार काटे काढले.

तुला आठवतंच सगळं, तरी मी लिहिते, कारण मला ते कागदावर बघायचंय. स्प्रिंगा बदलल्या की आपण गाडी काट्यांवर चढवतो, प्रत्येक चाकावर किती वजन येतंय ते बघतो, आणि स्प्रिंगांचे स्क्रू फिरवून डाव्या-उजव्या चाकांचं जमवून आणतो. त्या वेळी चालकाच्या सीटवर माणूस बसलेला लागतो, नाहीतर हिशोब चुकतो. आणि आपल्या वर्कशॉपमध्ये त्या सीटवर कोण बसतं?

तुझा दादा, वजनाने पैलवानांना तोडीस तोड. नेहमी. अख्ख्या कामात बसून करायचं तेवढं एकच काम आहे, म्हणून त्याने ते स्वतःकडे ठेवलंय. चहाचा कप घेतो, सीट पार मागे सारतो, पाय पसरतो आणि मला म्हणतो, "हं, फिरव." मी जमिनीवर लोळत स्क्रू फिरवते. तू त्या वेळी कधी नसतेस, कारण ते कंटाळवाणं काम आहे आणि तुला कंटाळा येतो.

म्हणजे ठिणगी त्याच्यासाठी जुळवलेली होती. अगदी काटेकोर, त्याच्यासाठी. आणि चालवत होतीस तू, त्याच्या निम्म्या वजनाची, सीट पुढे ओढून. तू बसलीस की उजवी बाजू हलकी. उजव्या वळणात उजवं मागचं चाक आधीच उचलायला बघतं, त्यात ते हलकं, त्यात टर्बोची ताकद. चाक जागच्या जागी फिरतं आणि मागची बाजू जाते. डाव्या वळणात ते चाक बाहेरच्या बाजूला येतं, सगळा भार त्याच्यावर पडतो, म्हणून काही होत नाही. टर्बोच्या आधी हे सगळं असंच होतं, पण इंजिनात चाक फिरवण्याइतका दम नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही.

मी दादाला काही सांगितलं नाही. म्हटलं, जरा बस, काटे तपासायचेत. तो चहा घेऊन बसला. चारही आकडे मी त्याला मोठ्याने वाचायला लावले. सगळं छान जमलेलं होतं, तो म्हणालासुद्धा, "बघ, काय काम केलंय आपण." मग म्हटलं, आता ऊठ. मी बसले, सीट पुढे घेतली. आता वाच. पहिला आकडा वाचला. दुसरा वाचला. उजव्या मागच्या चाकाशी आला आणि वाकून बघत राहिला. परत वाचला. मग उभा राहिला आणि कप कुठे ठेवायचा तेच त्याला कळेना, तो कप तसाच हातात घेऊन दारापर्यंत गेला आणि परत आला.

"एवढ्याने?" म्हणाला.

मी म्हटलं, एवढ्याने हाड मोडलं.

अंगण वाकडंच होतं, वन्सं. आणि ते वाकडं आपण तिघांनीच केलं होतं, दर वेळी, मन लावून. तुझा पाय कचरला नव्हता. हे मी आता तुझी समजूत घालायला म्हणत नाही. पोती बांधून आणि सोडून, दोन्हीकडून सिद्ध केलंय.

तुझी वहिनी


५ एप्रिल

वन्सं,

आज नाव दिलं. पण आधी घरात काय झालं ते सांगते.

मला वाटलं होतं, दादा काट्यावरचे आकडे बघून लगेच तुला फोन करेल. भोळी मी. त्याला लाज वाटली की तो ओरडतो, हे मला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं आणि तरी मी विसरते. आठवडाभर त्याचं एकच पालुपद, "सापडलं ना? झालं. पैलवानासाठी गाडी जमलेलीच आहे. पैलवान चालवेल. जी सोडून गेली तिच्या मागे कशाला लागायचं?"

मी म्हटलं, ती सोडून गेली नाही, तू घालवलीस.

"मी एक वाक्य बोललो!"

"दवाखान्यात बोललास. ती आडवी होती, उठून जाऊही शकत नव्हती."

त्यावर तो जे काही बोलला ते लिहीत नाही, कारण त्यात अर्थ नव्हता, नुसता आवाज होता. मीही कमी आवाज केला नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

पैलवान सकाळी स्वतःहून घरी आले. दारातच म्हणाले, "दादा, मी नाही चालवणार. राग मानू नका. मला ती गाडी काय करते ते कळतच नाही, आणि वहिनींना कळतं, त्या म्हणतात की ही गाडी तुमच्या बहिणीची आहे." दादा म्हणाला, "मग गाडी घरी राहील." पैलवान म्हणाले, "राहू दे. पण वहिनी राहू देतील असं मला वाटत नाही." आणि चहाही न घेता गेले.

मी नाही राहू दिली. अकरा वाजता ट्रॅकच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी तुझं नाव लिहिलं आणि मान वर करून विचारलं, "गेल्या वर्षी धडकल्या त्याच ना या?"

"त्याच. चूक गाडीची होती."

"सगळे तसंच म्हणतात हो."

मी म्हटलं, बाई, सगळे म्हणतात, मी मोजलंय. त्यांनी शिक्का मारला. सही चालकाने शर्यतीच्या सकाळी स्वतः करायची आहे, दुसऱ्या कुणाची चालत नाही. हे मला आवडलं.

तुला न विचारता केलं, कबूल आहे. तू आली नाहीस तर त्या दिवशी ठिणगी उभी राहील आणि मी तिच्याशेजारी उभी राहीन. दुसरं कुणी त्यात बसणार नाही, मीसुद्धा नाही. पण तू घाबरतेस म्हणून आली नाहीस, असं मला सांगू नकोस. ते कारण आता संपलं. यायचं नसेल तर दुसरं कारण शोध.

तुझी वहिनी


१२ एप्रिल

वन्सं,

नाव दिल्यापासून तुझा दादा माझ्याशी बोलत नव्हता. ताटावर बसायचा, उठायचा. परवा मी दिवसभर सुट्या भागांच्या बाजारात होते. संध्याकाळी परत आले तर वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा वास आणि ठिणगीचं दार उघडं.

आत डोकावले. सीट ज्या पट्ट्यांवरून पुढेमागे सरकते त्या पट्ट्या त्याने कापून टाकल्या होत्या. सीट पुढे आणून, तू जिथे बसायचीस बरोबर तिथे, सरळ बुडाशी जोडून टाकली होती. पक्की. सगळीकडून, एकसारख्या टाक्यांनी. इतकं सुबक काम त्याने लोकांच्या गाड्यांवरही केलेलं मी पाहिलेलं नाही. सीट आता तसूभर हलत नाही.

मी काही विचारणार, इतक्यात तो म्हणाला, "बाजूला हो, काट्यांवर चढवायचीय." आणि आत बसायला गेला. बसता येईना! गुडघे स्टीअरिंगला अडकले, पोट अडकलं. एक पाय आत आणि एक बाहेर असा थोडा वेळ अडकून राहिला. मी हसले नाही, देवाशपथ, फार कष्टाने. मग तो बाहेर निघाला, एक हात खिडकीतून स्टीअरिंगवर ठेवला आणि गाडी ढकलत, चालत चालत काट्यांपर्यंत नेली. मी मागून हात लावला.

गाडी काट्यांवर उभी राहिली. त्याने तिच्या टपावरची धूळ हाताने पुसली. मला म्हणाला, "तू लिहितेस ना तिला? कळतं मला, पोस्टाची तिकिटं संपलेली असतात. मग हे लिही. सीट पुढे जोडली म्हणावं. आता मला त्यात बसता येत नाही. कुणालाच येत नाही, तिच्याशिवाय." मग म्हणाला, "मी बोललो ते चुकीचं बोललो, हेही लिही. नको, राहू दे, ते मी सांगेन. तोंडावर." आणि डोळे पुसले. म्हणाला, वेल्डिंगने चुरचुरतात. मी मान हलवली.

तर मला तुझ्याकडून फक्त एक आकडा हवा आहे. तुझं आजचं वजन. सूट, बूट, हेल्मेट धरून. माझ्या वजनावर जुळवता आलं असतं, पण वर्षभर मावशीच्या हातचं जेवतेयस, कोण जाणे काय झालं असेल. अंदाजाने एकदा केलं, त्याची फळं भोगली. काटे मांडलेले आहेत, स्क्रू सैल करून ठेवलेत, पान्हा माझ्या हातात आहे. दोन ओळीसुद्धा नकोत. आकडा पाठव.

तुझी वहिनी


१८ एप्रिल

वहिनी,

काल मावशीची गाडी काढली. बाहेरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि दिसेल तिथे उजवीकडे वळत परत आले. मावशी शेजारी जप करत बसली होती. हात घामाने ओले झाले, पाय मात्र कचरला नाही.

वजन कळवत नाही. पुन्हा कुणी सांगितलेल्या आकड्यावर गाडी जुळवायला नको. शुक्रवारी सकाळी पोचते. तोवर स्क्रूला हात लावू नकोस. दादाला म्हणावं, चहा घे आणि आकडे वाचायला खाली बस. सीटवर मी बसणार आहे.